कॉलेजची कॉम्प्युटर लॅब: पाळायचे नियम कोणते आणि बदलायला लावायचे कोणते

तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही अनुदानित महाविद्यालयात जा. कॉम्प्युटर लॅबच्या दारावर लॅमिनेट केलेला एक कागद चिकटवलेला दिसेल. ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. पादत्राणे बाहेर काढावीत. पेन ड्राइव्ह वापरू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. इंटरनेटचा वापर केवळ शैक्षणिक कामासाठी करावा. आणि सगळ्यात खाली, बहुधा नंतर पेनाने लिहिलेले: प्रॅक्टिकलव्यतिरिक्त बसू नये. हा कागद आम्ही इतक्या ठिकाणी वाचला आहे की आता तो पाठ झाला आहे. त्यातल्या वरच्या बऱ्याच ओळी योग्य आहेत आणि आपल्या पोरांनी त्या कुणी न सांगता पाळाव्यात, असे आमचे मत आहे. आमचे भांडण आहे ते त्या शेवटच्या ओळीशी.

दर वर्षी प्रवेश उरकले की आम्ही काही कार्यकर्ते आमच्या भागातल्या विहारात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला बसतो. दोन जुने लॅपटॉप, एक स्कॅनर आणि कुणाच्या तरी मोबाईलचे हॉटस्पॉट, एवढेच आमचे केंद्र. मागच्या वेळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. पहिल्या वर्षीचा अर्ज तिने बसस्टँडजवळच्या कॅफेत भरला होता. कॅफेवाल्याने महाडीबीटीवर खाते उघडताना घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला आणि युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवला. पुढे उत्पन्नाचा दाखला नीट वाचता येत नाही म्हणून कॉलेजच्या क्लार्कने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला. 'सेंड बॅक'चा संदेश गेला कॅफेवाल्याच्या मोबाईलवर. त्याच्याकडे असे शेकडो संदेश येतात. मुलीला काहीच पत्ता नाही. मुदत संपली, अर्ज बाद झाला आणि ती मात्र वर्षभर घरी सांगत राहिली की सरकारकडून पैसे अजून आले नाहीत.

आम्ही तिला विचारले, कॉलेजमध्ये एवढी मोठी लॅब आहे, तिथे बसून का नाही भरलास? ती म्हणाली, "दादा, ती लॅब आपली नाही. बीसीएसवाल्यांची आहे."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. तिला कुणी हाकलले नव्हते. कुणी जात काढली नव्हती. ती दीड वर्ष रोज त्या दारावरून जात होती आणि आपण आत जायचे नसते हे तिने आपोआप शिकून घेतले होते. आपल्या आजी-आजोबांना गावात कुठल्या वाटेने जायचे नाही हे कुणी वेगळे शिकवावे लागत नव्हते, तसेच.

आता कॉलेजची बाजू पाहू, कारण ती ऐकून घेतल्याशिवाय तिला उत्तर देता येणार नाही. कॉलेज म्हणते, बीसीएस, बीसीए हे अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत. ती मुले जादा फी भरतात, त्या फीतून लॅब उभी राहिली, म्हणून पहिला हक्क त्यांचा. वरवर पाहता बरोबर वाटते. प्रॅक्टिकलच्या वेळी त्यांनाच जागा मिळाली पाहिजे, यात आम्हालाही वाद नाही. पण हेच कॉलेज नॅकच्या मूल्यांकनाला सामोरे जाते तेव्हा काय करते? नॅकच्या चौथ्या निकषात पायाभूत सुविधा विचारतात आणि त्यात एक प्रश्न असतो तो विद्यार्थी आणि संगणक यांच्या प्रमाणाचा. किती विद्यार्थ्यांमागे एक संगणक. तो आकडा काढताना विद्यार्थी कोणते धरतात? कॉलेजातले सगळे. म्हणजे कागदावर त्या बी.ए.च्या मुलीच्या वाट्याला संगणकाचा एक हिस्सा आहे आणि त्या हिश्श्याच्या जोरावर कॉलेजला श्रेणी मिळाली आहे. दारावर मात्र तिला प्रवेश नाही. कॉलेजचा हा स्वयं-अध्ययन अहवाल बहुतेक ठिकाणी कॉलेजच्याच संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवलेला असतो. तो उतरवून घ्या, चौथा निकष काढा आणि संगणकांची संख्या वाचा. नंतर लॅबमध्ये चालू असलेले संगणक मोजा. आम्ही मोजले आहेत. काय आढळले ते इथे लिहीत नाही, तुम्ही तुमच्या कॉलेजचे मोजा.

दुसरे, आपली फीची पावती नीट वाचा. आपली मुले पावती घडी करून पाकिटात ठेवतात आणि शिष्यवृत्तीला जोडायची वेळ आली की बाहेर काढतात. तिच्यातले रकाने कुणी वाचत नाही. काही ठिकाणी संगणक किंवा इंटरनेट या नावाने थोडी रक्कम कला शाखेकडूनही घेतलेली असते. तसे असेल तर प्रश्नच मिटला.

तिसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. कॉलेजने कला शाखेच्या मुलाकडून आज काय काय ऑनलाइन मागितले आहे, ते बघा. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन. परीक्षेचा अर्ज ऑनलाइन. क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी आयडी ऑनलाइन. शिष्यवृत्ती ऑनलाइन. हॉल तिकीट, निकाल, सगळेच. जे काम संगणकावरच करायची सक्ती आहे ते करायला संगणक न देणे, याला काय म्हणायचे? व्यवस्थेने अट घातली आणि अट पुरी करायचे साधन कुलपात ठेवले. मग मधल्या जागेत कॅफेवाला उभा राहतो. एका अर्जाचे तो घेईल तेवढे पैसे, वर झेरॉक्स, वर पीडीएफची साइज कमी करून द्यायचे वेगळे.

लोक म्हणतात, आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, लॅब हवी कशाला? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागात अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला होता. शहरी भागात २३.४ टक्के. त्यानंतर मोबाईल वाढले, हे खरे. पण मोबाईलवर रील बघता येते म्हणून प्रकल्प अहवाल लिहिता येतो असे नाही. फुटलेल्या स्क्रीनवर बोटाने बारा पानांचा अर्ज भरून बघा, सातव्या पानावर फोन आला की पहिल्यापासून सुरू. स्प्रेडशीट, नीट मांडलेला अर्ज, बायोडेटा, मराठी टंकलेखन, हे सगळे कीबोर्डवर शिकायचे काम आहे. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे ती मुले हे घरी शिकतात. ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठीच कॉलेजची लॅब असते. म्हणजे जिची गरज लॅबला जाण्याची सर्वात जास्त, तिलाच लॅब बंद.

आम्ही चवदार तळ्याचे उदाहरण दिले की काही मित्र हसतात. म्हणतात, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी महाड दिसते. पाण्याची आणि संगणकाची बरोबरी नाही, हे आम्हालाही कळते. पण महाडच्या घटनाक्रमातली एक गोष्ट आपण भाषणांत नेहमी घाईने ओलांडतो, ती इथे फार कामाची आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा स्वतःचा ठराव केला. म्हणजे १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा कागदावर तळे आधीच खुले होते. तीन वर्षे खुले होते आणि एकही माणूस पाणी भरत नव्हता. कागदावरच्या हक्काला पाण्यापर्यंत चालत जावे लागले.

त्यापुढचे तर अजून कमी जणांना ठाऊक असते. प्रकरण कोर्टात गेले. समोरच्यांनी प्रथेचा दावा केला: अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देणे ही पूर्वापार चालत आलेली रूढी आहे. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो दावा टिकला नाही, कारण अशी रूढी पूर्वापार असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. आता लॅबच्या दारात उभे राहून विचारा की कला शाखेला बंदी कोणत्या नियमाने? उत्तर येते, "पहिल्यापासून असंच आहे." कसले पहिल्यापासून? बहुतेक कॉलेजांतली लॅब आपल्या थोरल्या भावाच्या वयाचीही नाही. पंधरा-वीस वर्षांत रूढी तयार झाली आणि तिला कुणी लेखी आदेश विचारला नाही. तुम्ही विचारा. आम्ही जिथे जिथे विचारला तिथे प्राचार्यांच्या सहीचा असा आदेश एकदाही निघाला नाही. पेनाने लिहिलेली ओळ कुणी लिहिली, हेही कुणाला सांगता आले नाही.

जाता जाता त्या पादत्राणांबद्दल. धूळ आत जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या, हे कारण पटण्यासारखे आहे. संगणकाचा पंखा धूळ ओढून घेतो आणि यंत्र तापते. पण मग प्राध्यापक आणि संस्थेचे पदाधिकारी बूट घालून आत कसे जातात? त्यांच्या बुटांना धूळ लागत नाही काय? आणि खंडेनवमीला याच संगणकांवर हळद-कुंकू वाहतात, कीबोर्डवर फुले ठेवतात. कुंकवाची पूड कळांच्या खाली गेली तर काय होते, ते लॅब असिस्टंटला विचारा. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेत यंत्राची पूजा करायची आणि विद्यार्थ्याला त्याला हात लावू द्यायचा नाही, हे आम्हाला ओळखीचे वाटते. यापेक्षा जास्त त्यावर लिहीत नाही.

लॅब असिस्टंटचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. त्याच्याशी भांडू नका. बहुतेक ठिकाणी तो कंत्राटी आहे, तुटपुंज्या पगारावर आहे, आणि पुष्कळदा आपल्याच घरांतला आहे. एक माऊस हरवला तर त्याच्या पगारातून कापतात. तो दार बंद ठेवतो कारण उघड्या दाराची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलेली आहे. आपली मागणी त्याचे ओझे कमी करणारी हवी. दार उघडे ठेवायचे तर त्या वेळेत दुसरा माणूस द्या, विद्यार्थी स्वयंसेवक नेमा, 'कमवा आणि शिका'मधून दोन मुले बसवा. हे आपण सुचवले की तोच आपल्या बाजूने बोलू लागतो. आमचा हा अनुभव आहे.

आता पाळायच्या नियमांकडे येऊ. इथे आम्ही आपल्याच पोरांना दोन शब्द सुनावणार आहोत.

नोंदवहीत नाव, वर्ग, संगणकाचा क्रमांक, आल्याची व गेल्याची वेळ लिहायला आपली मुले कंटाळतात. कुणीतरी एकाच अक्षरात पाच जणांची नावे लिहितो. हे करू नका. उद्या त्या संगणकावरून कुणी घाणेरडा मेल पाठवला, कुणाच्या खात्यात शिरले, तर पहिला संशय कुणावर जाईल हे आम्ही सांगायची गरज नाही. त्या वेळी तुमची बाजू मांडणारी एकच गोष्ट असेल: तुम्ही चार वाजून दहा मिनिटांनी उठलात, ही तुमच्याच हाताने लिहिलेली नोंद. नोंदवही आपल्या बाजूचा पुरावा आहे. मात्र त्यात 'प्रवर्ग' नावाचा रकाना असेल तर तो भरू नका आणि तो का आहे ते लेखी विचारा. एका कॉलेजात आम्ही असा रकाना पाहिला. विचारल्यावर सांगितले, शिष्यवृत्तीवाल्यांची यादी काढायला सोपे जाते. शिष्यवृत्तीची यादी कार्यालयात असते, तिचे लॅबमध्ये काय काम? पुढच्या वहीत तो रकाना नव्हता.

पेन ड्राइव्हची बंदीही बिनकारणाची नाही. एका पेन ड्राइव्हमधला व्हायरस पूर्ण लॅबमध्ये पसरतो, सगळ्या फाइलींचे शॉर्टकट होऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी परीक्षा असते. पण सरसकट बंदीपेक्षा एका संगणकावर तपासणी करून मग वापरू देणे शक्य आहे, ते सुचवा. तोवर आपले काम स्वतःच्या मेलवर पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा. दाखले डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथूनच घ्या. डेस्कटॉपवर फाइल ठेवून घरी जाऊ नका. अनेक लॅबमध्ये असे सॉफ्टवेअर बसवलेले असते की संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो पहिल्यासारखा कोरा होतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा चाळीस पानांचा प्रकल्प असा गेला. तो आठवडाभर म्हणत होता की कुणीतरी मुद्दाम पुसला. कुणी पुसला नव्हता.

लॉगआउट. हा एक शब्द आम्ही विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. महाडीबीटीवर तुमचा आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला, घरच्यांचे उत्पन्न, सगळे एका ठिकाणी असते. तुम्ही ते उघडे ठेवून चहाला गेलात की पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्याला ते आयते मिळते. ब्राउझर 'पासवर्ड लक्षात ठेवू का' असे विचारतो, तिथे नाही म्हणायचे. शक्य तर खाजगी विंडो उघडायची. स्कॅन केलेले दाखले डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेले असतात, ते पुसायचे आणि रिसायकल बिनमधूनही पुसायचे. मोबाईल नंबर आणि मेल स्वतःचाच टाकायचा. तो घरच्यांचा असला तरी चालेल, कॅफेवाल्याचा नको. अर्ज भरून झाला की काम संपले असे समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याणकडे. दर आठ-दहा दिवसांनी आत जाऊन स्थिती बघा. आणि बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले गेले असे नसते. सरकारी पैसे ज्या खात्यात यायचे त्या खात्याचे एनपीसीआयकडे मॅपिंग झालेले लागते. ते झाले की नाही हे बँकेत त्याच शब्दांत विचारा.

मित्राचा पासवर्ड वापरणे ही आपल्याकडे दोस्ती समजली जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकेल असा गुन्हा आहे. गंमत म्हणून वर्गमैत्रिणीचे खाते उघडून बघणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. तशी गंमत करणारा आपला असला तरी आम्ही त्याच्या बाजूने उभे राहणार नाही.

आणि अजून एक, जे सांगताना आम्हालाच ओशाळे वाटते. एका कॉलेजात आपल्या मुलांनी भांडून दुपारची वेळ मिळवली. पंधरा दिवसांनी आम्ही बघायला गेलो तर खुर्च्यांवर सगळी मुले आणि मागे उभ्या मुली. त्यातली दोघे जण क्रिकेटचा सामना बघत होती, मोठ्या आवाजात. एक मुलगी हातात दाखल्यांची पिशवी घेऊन पाऊण तास उभी होती. आम्ही विचारले तर म्हणाली, "त्यांचं झालं की बसते." भिंतीवर सावित्रीमाईंचा फोटो होता. असल्या वापरासाठी हक्क मागत असू तर दार बंद असलेले काय वाईट? तेव्हापासून आम्ही जिथे अर्ज देतो तिथे त्यातच लिहितो की अर्धे संगणक मुलींसाठी राखून ठेवावेत आणि फॉर्मच्या दिवसांत एका विद्यार्थ्याने एका वेळी पाऊण तासापेक्षा जास्त बसू नये. आपण मागितलेल्या नियमाने आपणही बांधले जाणार, हे धरूनच मागायचे.

नियम करायचा अधिकार कॉलेजला आहेच. पण तो अधिकार कुठपर्यंत, याचे एक चांगले उदाहरण केरळमधले आहे. कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल वापरायला बंदी होती. फहिमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मान्य केली नाही, तिला वसतिगृहातून काढले, ती केरळ उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, शिस्तीच्या नावाखाली विद्यार्थ्याचे शिकण्याचे मार्ग बंद करता येणार नाहीत, आणि तिला परत घ्यायला लावले. ते केरळचे प्रकरण आहे, मोबाईलचे आहे, लॅबचे नाही. आपल्या प्राचार्यांपुढे ते निकाल म्हणून आपटू नका. पण शिस्त कशासाठी आणि कुणासाठी, हा प्रश्न विचारताना ते हाताशी असू द्या.

आता करायचे काय? मोर्चा नंतर. आधी एक पानी अर्ज, मराठीत, प्राचार्यांच्या नावे. त्यात तीन-चारच गोष्टी: सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी दररोज दोन तास लॅब खुली ठेवावी, शिष्यवृत्ती व परीक्षा अर्जांच्या काळात ही वेळ वाढवावी, तेव्हा मदतीला एक माणूस असावा, नियमांचा कागद प्राचार्यांच्या सहीने लावावा. दृष्टिहीन विद्यार्थी असतील तर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर बसवण्याची मागणी घाला. ते फुकट मिळते, खर्चाचे कारण सांगता येत नाही. अर्जावर सह्या सगळ्या समाजांच्या मुलांच्या घ्या. कुणबी, धनगर, मुस्लिम, आदिवासी, बी.ए.ला बसलेले सगळे याच दारात अडकले आहेत. अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" म्हणतील. हलायचे नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर महाविद्यालय विकास समितीपुढे विषय ठेवायला सांगा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे ही समिती प्रत्येक संलग्न महाविद्यालयात असते. त्यापुढे माहितीचा अधिकार. अनुदानित कॉलेज असेल तर दहा रुपयांचा स्टॅम्प लावून तीन प्रश्न: विद्यार्थ्यांच्या वापरासाठी संगणक किती, कला व वाणिज्य शाखेला लॅबबाहेर ठेवण्याचा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत, आणि मागील शैक्षणिक वर्षातील लॅबच्या नोंदवहीची पाहणी. उत्तराची मुदत तीस दिवस. आमचा अनुभव असा की बऱ्याचदा उत्तराआधी दार उघडते.

आणि दार उघडल्यावर आत बसून काय करायचे, याची तयारी आधीच हवी. नुसता फॉर्म भरून उठायचे नाही. तुमचे कॉलेज एन-लिस्टचे सदस्य आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. असेल तर हजारो जर्नल आणि ई-पुस्तकांचे लॉगिन विद्यार्थ्यालाही मिळते, आणि कित्येक कॉलेजांत वर्गणी भरलेली असूनही ते कुणी वापरत नाही. शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध आहेत, आपल्याच जिल्ह्यातल्या वस्त्यांवर लिहिलेलेही सापडतील. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड पीडीएफमध्ये मोफत मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर बाबासाहेबांच्या नावाने फिरणारे वाक्य पुढे ढकलण्याआधी ते त्या खंडांत शोधून बघा. निम्म्या वेळा सापडत नाही. मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये, शक्य तर इनस्क्रिप्टवर शिका. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो. उद्या माहिती अधिकाराचा अर्ज, तक्रार, निवेदन लिहायला डीटीपीवाल्याकडे जावे लागणार नाही. आपल्या चळवळीची किती निवेदने दुसऱ्याच्या दुकानात टाइप झाली आणि त्यात त्याने किती शब्द आपल्या मनाचे घातले, याची यादी करायला बसलो तर वेगळा लेख होईल.

वेळेचा मुद्दा राहिला, आणि आमचे सध्याचे भांडण त्यावरच चालू आहे. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण त्या लोकांना वेळ रात्रीच होता. शिकणाऱ्याच्या दिवसाकडे बघून वेळ ठरवली. आपल्या त्या मुलीच्या कॉलेजने अर्ज मान्य केला. प्राचार्यांनी सही केली, पेनाची ओळ खोडली, लॅब सर्व शाखांना खुली असल्याचा कागद लावला. वेळ दिली साडेचार ते साडेसहा. तिच्या गावची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते. त्या बाजूच्या अकरा गावांची मुले त्याच गाडीने जातात. आम्ही एसटीचे वेळापत्रक जोडून दुसरा अर्ज दिला आहे, बारा ते दोन ही वेळ मागितली आहे. आवक क्रमांक घेतला आहे. सोमवारी परत जायचे आहे. ज्यांना त्या गाडीने जावे लागते त्यांनी अकरा वाजता कॉलेजच्या गेटवर यावे, ओळखपत्र घालून.